अवकाशातून आपले गाव

रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथे रात्र अशी पडतच नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सूर्य मावळला की बंदराच्या उंच खांबांवरील दिवे लागतात, धक्क्यावरील अजस्र क्रेन उजळून निघतात आणि कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांच्या रांगा रस्त्यांना प्रकाशाची किनार लावतात. जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूही या प्रकाशात भर घालीत आहे. या किनाऱ्यावरील मागच्या पिढ्यांनी होडीत बसून कृत्तिका, व्याध आणि सप्तर्षी पाहिले. त्यांच्या नातवंडांना घराच्या ओट्यावरून मोजकेच तारे दिसतात.

परंतु ज्या गावातून तारे दिसेनासे झाले, त्याच गावाचा दैनंदिन व्यवहार आज अवकाशावर अवलंबून आहे. बंदरात शिरणारे जहाज आपले स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून ठरविते. वादळाची सूचना उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या चित्रांच्या आधारे दिली जाते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांचे मापन करून संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती मराठीसह किनारपट्टीवरील भाषांतून देते. सूक्ष्म वनस्पती जेथे विपुल, तेथे लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात, हे या सेवेमागील साधे तत्त्व होय. भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहमालिकेस २०१६ साली ‘नाविक’ हे नाव देण्यात आले, तेही दर्यावर्दी लोकांची आठवण ठेवूनच.

तात्पर्य, अवकाशविज्ञान हा आता केवळ वेधशाळांचा आणि महानगरांतील तारांगणांचा विषय राहिलेला नाही. तो कोळीवाड्याचा, शेताच्या बांधाचा आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचाही विषय झाला आहे. तो गावाच्या शाळेत कसा आणावा, त्यासाठी कोणती साधने विनामूल्य उपलब्ध आहेत आणि ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

पाठ्यपुस्तकापासून प्रारंभ

राज्याच्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या पाठ्यपुस्तकात ‘अवकाश मोहिमा’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. उपग्रहांचे प्रकार, त्यांच्या कक्षा, प्रक्षेपक आणि मुक्तिवेग यांची माहिती त्यात दिली आहे. हे पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणासही विनामूल्य उतरवून घेता येते. याशिवाय मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर खुले आहेत. ‘उपग्रह’, ‘अग्निबाण’ अशा शब्दांचा शास्त्रीय अर्थ मराठीतूनच समजून घ्यावयाचा झाल्यास विश्वकोशाइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे कार्यही या दृष्टीने शिक्षकांच्या उपयोगी पडणारे आहे.

पाठ्यपुस्तकातील मजकूर मात्र विद्यार्थ्याच्या अनुभवाशी जोडून द्यावा लागतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या गतीशी जुळवून घेत असल्याने आकाशात एकाच जागी स्थिर भासतो, हे वाक्य पाठ करण्यास कठीण नाही. पण त्याची साक्ष गावातच आहे. घरांच्या छपरांवरील दूरचित्रवाणीच्या डिश पाहाव्यात. पूर्व-पश्चिमेचा थोडाफार फरक सोडला तर त्या सर्व दक्षिणेच्या बाजूस तोंड करून बसविलेल्या असतात, कारण विषुववृत्त आपल्या दक्षिणेस आहे. डिश एकदा बसविली की पुन्हा फिरवावी लागत नाही, कारण उपग्रह आपली जागा सोडीत नाही. गावात एक फेरी मारून एवढे पाहिल्यावर तेच वाक्य विद्यार्थ्याच्या मनात कायमचे ठसते.

गावाचे जुने चित्र

अवकाशविज्ञानाचा पहिला धडा चंद्रापासून किंवा मंगळापासून सुरू करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की, तो आपल्या गावापासून सुरू करावा. न्हावा शेवा परिसरातील शाळांना तर यासाठी विलक्षण समृद्ध सामग्री उपलब्ध आहे.

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी ‘लँडसॅट’ मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. तेव्हापासून या मालिकेतील उपग्रह पृथ्वीच्या भूभागाची चित्रे सातत्याने घेत आले आहेत. २००८ साली हा संपूर्ण चित्रसंग्रह जगातील सर्वांसाठी विनामूल्य खुला करण्यात आला. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांची २०१५ पासूनची चित्रेही अशीच खुली आहेत. ज्यांना चित्रे उतरवून घेण्याचा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी गूगल अर्थमधील ‘टाइमलॅप्स’ ही सोय आहे. तीत १९८४ पासूनची चित्रे वर्षानुक्रमे एकामागून एक पाहता येतात. प्रारंभीच्या वर्षांची चित्रे काहीशी धूसर आहेत, परंतु बदल ओळखण्यास ती पुरेशी आहेत.

न्हावा शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. म्हणजे बंदरापूर्वीचा किनारा, बंदराची उभारणी आणि त्यानंतरचा विस्तार ही सारी कथा या चित्रमालेत आली आहे. प्रारंभी खाड्यांचे फाटे, चिखलाची मैदाने, मिठागरे आणि खारबांधांनी राखलेली शेते दिसतात. पुढे भराव पडत जातो, धक्क्याची सरळ रेषा समुद्रात उतरते, मागे कंटेनरांची अंगणे पसरतात. अलीकडच्या चित्रांत अटल सेतूची सुमारे २२ किलोमीटरची रेघ खाडी ओलांडताना दिसते, तर ईशान्येस ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी दिसते.

या चित्रमालेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचे मोल शास्त्रापलीकडचे आहे. बंदरासाठी शेवा गावातील कुटुंबांना १९८० च्या दशकात आपली घरे सोडावी लागली. त्यांची वस्ती नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा येथे झाली. जुने शेवा आज कोणत्याही बसच्या पाटीवर नाही. ते वृद्धांच्या आठवणीत आहे आणि उपग्रहाच्या चित्रात काही ठिपक्यांच्या रूपाने उरले आहे. नव्या वस्तीत जन्मलेल्या मुलास आपल्या आजीचे घर खाडीच्या कोणत्या वळणावर होते, हे दाखवू शकणारे साधन आज शाळेतील एका पडद्यावर उपलब्ध होऊ शकते, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या विद्यार्थ्याने आपले हरवलेले गाव अवकाशातून शोधले, त्याला उपग्रहाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.

चित्र वाचावे कसे?

उपग्रहाचे चित्र म्हणजे साधे छायाचित्र नव्हे. ते लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक ठिपका जमिनीच्या ठराविक तुकड्याचा असतो. पहिल्या लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटरचा होता, म्हणजे दीड एकराहून थोडा मोठा. १९८४ साली सोडलेल्या लँडसॅट-५ चा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा झाला. सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. अर्थात एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा! असे ४० ठिपके मोजले की एक एकर भरला. गावातील तलावाचे किंवा खाजणाचे क्षेत्रफळ ठिपके मोजून काढणे हा सातवी-आठवीच्या मुलांसाठी गणिताचा आणि विज्ञानाचा एकत्रित पाठ होऊ शकतो.

दुसरी बाब रंगांची. अनेक उपग्रहचित्रांत झाडी हिरवी न दिसता लालभडक दिसते आणि विद्यार्थी गोंधळतात. त्यामागील कारण समजण्यास सोपे आहे. निरोगी पाने डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. उपग्रहाला ते किरण टिपता येतात, पण आपल्याला ते दाखवावयाचे तर त्यांना एखादा दृश्य रंग द्यावा लागतो. संकेत म्हणून तो लाल ठरविण्यात आला. पाणी हे किरण शोषून घेत असल्याने ते गडद निळे किंवा काळे दिसते. काँक्रीट आणि भराव निळसर राखी छटेत येतात. खाडीच्या कडेने धावणारा गडद लाल पट्टा दिसला की ते तिवरांचे वन आहे, असे बहुधा समजावे.

दोन चित्रांची तुलना करताना मात्र घाई करू नये. भरतीच्या वेळी घेतलेल्या चित्रात जेथे समुद्र दिसतो, तेथेच ओहोटीच्या चित्रात चिखल दिसेल. म्हणून बदल झाला असे म्हणण्यापूर्वी अनेक चित्रे पाहावीत. पावसाळ्यानंतरची हिरवळ आणि मे महिन्यातील करडा माळ यांची तुलना करू नये, एकाच ऋतूतील चित्रे घ्यावीत. जून ते सप्टेंबर या काळात कोकणावर ढगांचे आच्छादन असते, त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळातील चित्रे निवडणे श्रेयस्कर. ढगांतूनही पाहू शकणारे उपग्रह रडारच्या लहरी वापरतात. भारत आणि अमेरिका यांनी संयुक्तपणे बनविलेला ‘निसार’ हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला, तो याच प्रकारचा होय.

‘भुवन’ आणि ग्रामपंचायत

लँडसॅट व सेंटिनेल ही परदेशी साधने झाली. भारतानेही या क्षेत्रात मागे राहणे पत्करले नाही. न्हावा शेवा बंदर सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी, १७ मार्च १९८८ रोजी, आपला पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह ‘आयआरएस-१ए’ अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. पुढे २००९ साली भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ सुरू केले. भारतीय उपग्रहांची चित्रे, भूवापराचे नकाशे आणि इतर विविध माहिती त्यावर पाहता येते. शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘स्कूल भुवन’ आणि पंचायतींसाठी ‘भुवन पंचायत’ असे त्याचे स्वतंत्र विभाग करण्यात आले.

उपग्रहचित्रांचा प्रशासनात कसा उपयोग होतो, याचे उदाहरण किनारपट्टीवरील वाचकांच्या परिचयाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या संरक्षणाविषयी अंतरिम आदेश दिले आणि राज्यातील कांदळवनांचे उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे तयार करण्याचे काम पुढे नागपूरच्या केंद्राकडे आले. २०१२ साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. जे तिवर पूर्वी निरुपयोगी झुडूप समजले जात होते, ते लाटांचा मारा अडविते, माशांच्या पिलांना आसरा देते, हे आता सर्वमान्य झाले आहे. आपल्या गावालगतचा लाल पट्टा वर्षानुवर्षे रुंदावतो आहे की आकसतो आहे, हे विद्यार्थी स्वतः पाहू शकले, तर पर्यावरणाचा पाठ निराळा शिकविण्याची गरज उरणार नाही.

येथे पंचायत सदस्यांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. पडद्यावरील उपग्रहचित्र हे जमिनीच्या हद्दीचा पुरावा नव्हे. हद्द, मालकी आणि मोजणी यांसाठी भूमी अभिलेख विभागाचे अधिकृत नकाशे आणि नोंदीच पाहाव्या लागतात. शालेय उपक्रमातून बांधाचे वाद उभे राहणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

दिव्यांच्या लखलखाटातही दिसणारे आकाश

बंदराच्या प्रकाशामुळे अंधूक तारे दिसत नाहीत, हे खरे. तरीही चंद्र, शुक्र, गुरू हे दिसतातच. त्यांच्यापेक्षाही विद्यार्थ्यांना चकित करणारे दृश्य म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी आपल्याकडे अंधार असतो, पण इतक्या उंचीवर सूर्यप्रकाश पोहोचत असतो. अशा वेळी ते आपल्या माथ्यावरून जात असल्यास एखाद्या तेजस्वी ताऱ्यासारखे, न लुकलुकता, पश्चिमेकडून पूर्वेकडे काही मिनिटांत सरकून जाते. कोणत्या गावातून ते कोणत्या दिवशी, किती वाजता दिसेल, हे अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या विनामूल्य सेवेतून कळते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये भारताचे शुभांशु शुक्ला याच स्थानकावर वास्तव्यास होते. तेथे माणसे राहतात आणि आपण त्यांना मैदानातून पाहत आहोत, ही जाणीव दहा पुस्तकांचे काम करते.

दुसरा प्रयोग दिवसाउजेडी करता येतो आणि त्याला एका काठीखेरीज काही लागत नाही. कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. न्हावा शेवा सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने येथे हा दिवस मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात येतो. जुलैतील दिवस पावसाने हिरावून नेण्याचाच संभव अधिक, आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. म्हणून सुट्टीतील गृहपाठ या स्वरूपातच हा प्रयोग द्यावा. आपल्या गावाचा नेमका दिवस व वेळ देणारी सोय भारतीय खगोलशास्त्र परिषदेने इंटरनेटवर उपलब्ध केली आहे.

चंद्रापर्यंतची वाट

गावाचे चित्र वाचता येऊ लागल्यावर चंद्राचे चित्र परके वाटत नाही. चांद्रयान-३ चे अवतरण २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात झाले आणि तो दिवस आता ‘राष्ट्रीय अवकाश दिन’ म्हणून पाळला जातो. भारताच्या चांद्र व मंगळ मोहिमांनी मिळविलेली माहिती इस्रोच्या अवकाशविज्ञान माहिती केंद्राच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर ठेवण्यात आली असून नावनोंदणी करून ती पाहता येते. २०१९ साली सोडलेल्या चांद्रयान-२ च्या कक्षायानावरील अतिसूक्ष्म कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे २५ सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण एका वितीएवढा आहे. आपल्या गावाच्या खुल्या चित्रात एक ठिपका गुंठ्याचा आणि चंद्राच्या चित्रात वितीचा! असे का, असा प्रश्न वर्गात निघाला तर शिक्षकांनी समाधान मानावे. चंद्राला वातावरण नसल्याने यान १०० किलोमीटरइतक्या खालून फिरू शकते, तर पृथ्वीभोवतीचे लँडसॅटसारखे उपग्रह ७०० किलोमीटरच्या आसपास उंचीवर ठेवावे लागतात, हे उत्तराचे पहिले सूत्र.

प्रयोग करून पाहण्याची आवड असणाऱ्यांसाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे. टाकाऊ वस्तूंपासून बनविलेल्या वैज्ञानिक खेळण्यांच्या चित्रफिती आणि मराठीतील अनेक पुस्तके तेथे विनामूल्य मिळतात. पुणे येथील ‘आयुका’ या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले. खाडीपलीकडे मानखुर्द येथे असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर खगोलशास्त्र ऑलिंपियाडच्या मागील प्रश्नपत्रिका आहेत. हुशार विद्यार्थ्यांसाठी त्यांचा उपयोग होईल.

नववीच्या विद्यार्थ्यांकरिता इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. निवड झालेल्या मुलांना उन्हाळी सुट्टीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकण्याची संधी मिळते आणि प्रवास व निवासाचा खर्च इस्रो करते. नोंदणी इंटरनेटद्वारेच होते. निवडीच्या निकषांत पंचायत क्षेत्रातील ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांस स्वतंत्र गुण देण्यात आले आहेत, ही बाब मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी आवर्जून लक्षात घ्यावी. अनेकदा पात्र विद्यार्थी असतो, पण मुदत संपल्यावर सूचना त्याच्यापर्यंत पोहोचते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘स्वयम्’ हा लघुउपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला, हे उदाहरण आपल्या मुलांपुढे ठेवण्यासारखे आहे.

खरे-खोटे पारखण्याचा धडा

इंटरनेटवर जे जे दिसते ते सर्व खरे नसते. ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ म्हणून एक रंगीबेरंगी चित्र दर दिवाळीत भ्रमणध्वनीवर फिरत असते. वास्तविक ते एका रात्रीचे चित्र नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून, गावे व शहरे यांच्या दिव्यांत कशी वाढ झाली हे दाखविण्यासाठी ते तयार करण्यात आले. निरनिराळ्या वर्षांतील दिव्यांना निरनिराळे रंग दिले गेले आणि लोकांना ती रोषणाई वाटली. २०१२ साली नासाने याचा खुलासा केला, तरी चित्राचा प्रवास थांबलेला नाही. चित्र कोणत्या उपग्रहाचे, कोणत्या तारखेचे आणि कोणत्या संस्थेने प्रसिद्ध केलेले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागली, तर अवकाशविज्ञानाच्या निमित्ताने त्याला आयुष्यभराचे शहाणपण मिळेल.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे?

साधन आले की शिक्षण आपोआप होते, हा समज अनुभवाने खोटा ठरविला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळी शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि तिने मराठी मुलांसाठी कितीतरी शैक्षणिक कार्यक्रम निर्माण केले. पुढे ती संस्था बंद झाली. त्या काळी विद्यार्थी जे दाखविले जाई तेवढेच पाहत असे. आज तो स्वतः निवडू शकतो, प्रश्न विचारू शकतो. पण म्हणूनच त्याच्या शेजारी बसणाऱ्या जाणत्या माणसाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. हातात भ्रमणध्वनी देऊन मुलास एकटे सोडणे म्हणजे ग्रंथालयाची किल्ली देऊन दिवा न देण्यासारखे आहे.

या कामास मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ‘भारतनेट’ प्रकल्पातून इंटरनेट जोडणी नेण्यात येत आहे. ती जेथे चालू असेल तेथे शाळेसाठी आठवड्यातून एक तास राखून ठेवता येईल. एक संगणक आणि एक मोठा पडदा एवढ्यावर संपूर्ण वर्गाचे काम भागते. जोडणी खंडित होत असल्यास चित्रे व चित्रफिती आधी उतरवून ठेवाव्यात. संकेतस्थळे बहुतांशी इंग्रजीत असल्याने शिक्षकांनी पंचवीस-तीस पारिभाषिक शब्दांचा मराठी तक्ता करून वर्गात लावावा. इंग्रजी येत नाही म्हणून विज्ञान येत नाही, अशी भावना मुलांत निर्माण होता कामा नये.

याहूनही एक उपक्रम न्हावा शेवा परिसरातील आणि अर्थात इतरही प्रकल्पग्रस्त गावांतील शाळांनी करून पाहावा. गावाचे १९८० च्या दशकातील आणि आजचे अशी दोन उपग्रहचित्रे मोठ्या आकारात छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावावीत. एका संध्याकाळी गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांस सन्मानाने बोलवावे. खाडीचे कोणते फाटे कोणत्या नावाने ओळखले जात, जाळी कोठे लावीत, मिठागर कोणाचे, देऊळ कोठे, विहीर कोठे, हे त्यांनी बोटाने दाखवावे आणि विद्यार्थ्यांनी ती नावे चित्रावर लिहून घ्यावीत. उपग्रहाला आकार दिसतो, नाव दिसत नाही. ती नावे ज्यांना ठाऊक आहेत, ती पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. म्हणून हे काम पुढील वर्षावर टाकण्यासारखे नाही.

भारताच्या अवकाशयुगाचा प्रारंभही एका कोळी वस्तीतूनच झाला. केरळमधील थुंबा या मच्छीमारांच्या गावाने आपली जागा दिली, त्यांच्या चर्चच्या इमारतीत शास्त्रज्ञांनी काम केले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण झेपावला. शेव्याच्या लोकांनीही देशाच्या व्यापारासाठी आपले गाव दिले. त्या गावाच्या नातवंडांना ते गाव निदान अवकाशातून पाहता यावे, आणि ते पाहता पाहता त्यांतील एखाद्याची नजर वर, चित्र घेणाऱ्या उपग्रहाकडे वळावी, यासाठी शाळा, पंचायत आणि शासनयंत्रणा यांनी थोडी आस्था दाखविली तरी पुरेसे आहे. दारे उघडी आहेत. मुलांचा हात धरून त्यांना उंबरठ्यापर्यंत नेणे एवढेच मोठ्यांकडे उरले आहे.